पोहेहाराचे टाके

विट्याच्या स्टँडवर मिरजेची एसटी लागली, तरी आई माझ्या शर्टाला बटण लावत होती. शर्ट माझ्या अंगातच. "दातात काडी धर," ती म्हणाली, कारण अंगावरच्या कपड्याला टाका घालताना आमच्याकडे तशी पद्धत. माझा थोरला भाऊ आण्णा खिडकीतून बॅग आत टाकून जागा धरत होता. मी एकोणीस वर्षांचा, गावातल्या एका गलाईवाल्याबरोबर कोइमतूरला निघालेला. आईने दोरा दातांनी तोडला. "जाशील तितं माणसं जोड, इलास." तोंडात काडी असल्यामुळे मला व्हय म्हणता आलं नाही.

गलाई म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करणं. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. टाका हा शब्द मला आईच्या गोधडीमुळे ठाऊक होता, आणि आण्णाच्या पोटरीला कोयता लागला तेव्हा डॉक्टरांनी घातलेल्या सात टाक्यांमुळे. कोइमतूरला कळलं, सोन्यालाही टाका असतो. दोन कड्या जोडताना सोनार मध्ये दुसरा धातू मिसळलेला बारीक तुकडा वितळवतो, तो टाका. इथले तमिळ सोनार त्याला पोडी म्हणतात. सगळं जग टाका घालून पोट भरतं, आम्ही तो जाळून. टाका गेला की वजन घटतं आणि गिऱ्हाईकाचा चेहरा पडतो. म्हणून धंद्यातला पहिला नियम, सोन्याच्या मालकाला भट्टीसमोर बसवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत मूस तापवायची.

आई गेली तेव्हा तिचा पोहेहार, पोह्यांसारख्या चपट्या सोन्याच्या मण्यांचा, मागे राहिला. भावकीतल्या प्रत्येक लग्नात तो कुठल्या तरी नवरीच्या गळ्यात असायचा. कधी कडी तुटून परत यायचा, मग आई बाजारच्या सोनाराकडून टाका मारून आणायची आणि पुढच्या नवरीला द्यायची. तेराव्यानंतर आण्णा म्हणाला, "इकायचा न्हाई. आटवून निम्मा-निम्मा करू. तुज्याच हातचं काम हाय."

हार मी कोइमतूरला आणला. आण्णाला "चल, समोर बस" म्हणायची मला लाज वाटली. परक्याला बसवतात, भावाला कसलं बसवायचं? वीस वर्षं भट्टीपुढे काढून मी ही चूक केली.

टाके माझ्या अंदाजापेक्षा फार निघाले. हाती आलेली शुद्ध सोन्याची लगड हारापेक्षा बरीच हलकी होती. तिचे दोन सारखे तुकडे केले आणि दोन्ही घेऊन गावी गेलो. आण्णाने त्याचा तुकडा तळहातावर तोलला.

"लय कमी भरतंय रं."

मी टाक्यांचं सांगितलं, किती लग्नं, किती सोनार. तो ऐकत राहिला. मग वहिनीकडे बघत म्हणाला, "आमाला काय कळतंय त्यातलं. तू म्हंतूस म्हंजी असंल." त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो, रडलो असतो, जेवायला बसलो असतो. या बोलण्यावर काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी माझाही तुकडा त्याच्यापुढे ठेवला. वाटलं, ओशाळेल, माझा हात धरेल. त्याने तो ठेवून घेतला. नंतर चुलतभावाने फोनवर सांगितलं, आण्णा पारावर बोलत होता, "चोरलं नसतं तर आपला वाटा दिला असता व्हय?"

तुम्ही गावाकडची माणसं विचारता, कायमचा परत कधी येणार. रानात पाणी आलंय, घर बांध म्हणता. माझ्यासारखे बाहेर पडलेले असं विचारत नाहीत, कारण प्रत्येकाच्या गावच्या घरात कुणीतरी असा एखादा तुकडा ठेवून घेतलेला असतो. माझी पोरं आपसात तमिळ बोलतात आणि आण्णाला फोटोवरून ओळखतात.

इथला एक म्हातारा सोनार दर मंगळवारी जुनं सोनं माझ्यापुढे ठेवतो, "नींगा पारुंगा," म्हणजे तुम्हीच बघा, एवढं म्हणतो आणि कॉफी प्यायला निघून जातो. मी दर वेळी त्याला भट्टीसमोर बसायचा आग्रह करतो. तो हसून हात हलवतो. मला घर इथंच मिळालं, आणि त्याचा मला जराही आनंद होत नाही.