धुतलेला डबा

टेम्पो भरून झाला होता. माझा नवरा सलीम ड्रायव्हरशेजारी बसला होता, लेक सना मागं गादीच्या गुंडाळीला टेकून बसली होती आणि माझाही एक पाय आत होता. तेवढ्यात अम्मीनं हात वर करून गाडी थांबवली. माझं माहेर आणि सासर एकाच गल्लीत, त्यामुळं निरोपाला सगळी गल्लीच दारात आलेली. मला वाटलं, आता ही रडणार. पण अम्मीला आठवण झाली होती ती शेजारच्या इंदूआक्कांच्या वाडग्याची. तो आमच्या फडताळात राहिला होता. मग बांधलेलं एक खोकं पुन्हा सोडलं गेलं, त्यातल्या शेवया वाडग्यात भरल्या गेल्या, तो इंदूआक्कांच्या हातात पोचला आणि मगच अम्मी टेम्पोपाशी परत आली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून गाव सोडू नये," ती म्हणाली. "आणि रिकामं तर कधीच देऊ नये." मग माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, "तिथं तुझं भांडं कुणाच्या घरात जाणार गं?"

मला तेव्हा रागच आला. जन्माचं कुरुंदवाड सुटत होतं आणि हिला वाडगा सुचत होता.

हे सगळं तुमच्यासाठी लिहिते आहे, गल्लीत मागं राहिलेल्यांसाठी, आणि आमच्यासारखेच बिऱ्हाड उचलून कुणी पुण्याला तर कुणी सौदीला गेलात त्यांच्यासाठीही. कुरुंदवाड ते कोल्हापूर हे काही परदेशात जाणं नव्हे. एसटीत एक डुलकी काढली की येतं. पण अंतर एसटीनं मोजायचं नसतं, हे तुम्हालाही कळलं असेल.

मी मुळातच संशयी. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी मला त्यात पाणी दिसतं. कोल्हापूरनं या स्वभावाला चांगलं खतपाणी घातलं. सलीमला फौंड्रीत काम लागलं होतं आणि सनाला पहिलीत घालायचं होतं, म्हणून आम्ही खोली शोधत फिरलो. बोलणं छान व्हायचं, चहासुद्धा व्हायचा. सलीमनं नाव सांगितलं की घरमालक म्हणायचा, "जरा उशीर केलासा पावणं, आत्ताच दिली की." शेवटी एकानं नाव न विचारताच किल्ली पुढं केली. मला त्याचाही संशय आला. नाव न विचारता देतोय म्हणजे छप्पर गळत असणार. गळतच होतं.

अशा ठिकाणी पोरीला एकटीला शाळेत पाठवायचं म्हणजे शिकवून पाठवायला नको का? मी सनाला पहिल्याच दिवशी बजावलं की घरात काय शिजतं, कोण काय बोलतं, ते शाळेत सांगायचं नाही. इकडचं तिकडं करायचं नाही. डब्यात मी रोज चपाती आणि बटाट्याची भाजी द्यायची. अंडं नाही, खिमा तर नाहीच. बटाट्यावरून आजवर कुणाचं भांडण झालेलं मी ऐकलं नव्हतं.

शाळेवरही माझा डोळा होताच. पावसाळा अर्धा सरला तरी सनाच्या वहीत उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि गोळे. बाकी वेळ काय, तर मातीचे बैल करायचे, हातवारे करून गाणी म्हणायची, रांगेत उभं राहायचं, चिंचोक्यांचे ढीग करायचे. तिकडं कुरुंदवाडात माझ्या नणंदेचा मुलगा शंभरापर्यंत उजळणी लिहीत होता, आणि नणंद ते फोनवरून मला वाचून दाखवत होती. मला वाटायचं, सगळ्या वर्गाला असंच शिकवतात की फक्त मागच्या बाकांवरच्या सनासारख्यांना?

आणि मग तो डबा.

एके दिवशी सनाचा डबा घासायला घेतला तर तो धुतलेला होता. तेलाचा ओशटपणा नाही, कण नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सहा वर्षांची पोर, तिला स्वतःचं नाक पुसता येत नाही, ती डबा धुणार? सलीम म्हणाला, बरं झालं की, तुझं काम वाचलं. पुरुषांना एवढंच दिसतं. मला वेगळंच दिसत होतं. कुणीतरी तिला सांगत असणार, तुझा डबा वेगळा धू, आमच्या डब्यांत मिसळू नको. त्या विचारानं मला घास गोड लागेना.

आठवडाभरानं डब्यात चिंचोके यायला लागले. धुतलेल्या, पुसलेल्या डब्यात तळाशी दोन-चार चिंचोके. कधी एखादा शेंगदाणा, एकदा लाल गुंज. गुंज मी कागदात धरून रस्त्यावर टाकून आले. करणीबिरणी करणारी माणसं असतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. सनाला विचारलं तर ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. दटावलं तर तोंड आणखी घट्ट मिटलं.

मग मी माझा उपाय केला. माझे अब्बा कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. तुटलेला धागा जोडायची त्यांची एक बारीक गाठ असायची, ती त्यांनी मला शिकवली होती. डब्याच्या फडक्याला मी सकाळी तीच गाठ मारली. दुपारी फडकं आलं ते साध्या दोन वेढ्यांच्या गाठीत. म्हणजे डबा दुसऱ्याच कुणाच्या हातात जात होता.

मी शाळेत गेले. वर्गाच्या बाई तरुण, बोलायला मऊ. मी आडून आडून विचारलं, डबे कुठं खातात, कोण कुणाजवळ बसतं. त्यांनीही आडूनच सुरुवात केली. म्हणाल्या, सना गुणी आहे, पण वर्गातले मोजायचे चिंचोके रोज कमी होतायत. मग जरा थांबून म्हणाल्या, "तिच्या डब्यात वगैरे सापडतात का, बघाल का जरा?"

बघा, मी त्यांच्यावर संशय घ्यायला गेले होते आणि त्यांचा संशय माझ्या पोरीवर होता. कानशिलं तापली. मी सापडतात असंही म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. घरी येऊन सलीमला सांगितलं की पोरीला चोर ठरवायला निघालेत, उद्या दाखला काढायचा आणि गावाला परत जायचं. तो म्हणाला, आधी खात्री तरी कर. एवढं एक शहाणपणाचं बोलला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फाटकाबाहेर, पेरूच्या गाडीआड उभी राहिले. सना पायरीवर बसली होती. शेजारी लाल रिबिनींच्या दोन वेण्यांची एक मुलगी. दोघींनी डबे उघडले आणि काही न बोलता बदलले, रोजचंच असल्यासारखे. ती मुलगी माझी बटाट्याची भाजी बोटं चाटत खात होती. माझी लेक तिची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. खाऊन झाल्यावर ती मुलगी नळावर गेली, सनाचा डबा विसळला, फ्रॉकच्या घोळानं पुसला. मग वर्गात पळाली, मूठ झाकून परत आली आणि मुठीतलं डब्यात टाकून झाकण लावलं. फडक्याला दोन वेढे दिले.

शाळा सुटल्यावर त्या मुलीला न्यायला तिची आजी आली. राजनंदिनी हे मुलीचं नाव, सना तिला नंदी म्हणायची. आजी कागलकडच्या, नातीच्या शाळेसाठी शहरात खोली घेऊन राहिलेल्या. मी सरळ पुढं होऊन विचारलं, तुमची नात माझ्या पोरीच्या डब्यात चिंचोके का घालते?

आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग रिकामा द्यायचा व्हय?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं भांडं धुऊन द्यावं, रिकामं दिऊ न्हाय, एवढंच शिकवलंय मी तिला. बाकीचं शाळंनं शिकवावं की."

हे वाक्य मी टेम्पोत बसताना ऐकलेलं होतं. पण आजींचं संपलं नव्हतं. त्यांनाही संशय होता. पोरगी घरी आली की जेवत नाही, रोज दुसऱ्याच्याच डब्याचं कौतुक, त्या घरात असं शिजतं तरी काय, म्हणून त्या मलाच गाठणार होत्या. मग तो प्रश्न आलाच, ज्याची मी कोल्हापुरात पाऊल टाकल्यापासून वाट बघत होते.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"कुरुंदवाडची," मी म्हटलं. आणि पुढचंही सांगून टाकलं, "मुजावर."

आजींनी नातीच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं.

"मुजावराच्या घरात रोज बटाटंच शिजतंय व्हय गं?" त्या म्हणाल्या आणि नातीचं दप्तर खांद्याला अडकवून चालायला लागल्या.

तो टोमणा होता की निमंत्रण, हे मला कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर सनाला विचारलं, एवढं साधं होतं तर सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तूच म्हणलीस की, इकडचं तिकडं करायचं न्हाय." घरातलं शाळेत नाही, तसंच शाळेतलं घरातही नाही, असा तिनं हिशोब लावला होता. बाईंनी रेघा शिकवल्या, आजींच्या नातीनं डबा कसा परत करायचा ते शिकवलं, आणि मी तिला तोंड मिटून बसायला शिकवलं होतं. तीनही धड्यांत माझाच तिला सगळ्यात चांगला पाठ झाला होता. मला फार वाईट वाटलं. ओट्यापाशी बसून मी थोडी रडलेसुद्धा.

साठवलेले चिंचोके मी बाईंना नेऊन दिले आणि सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण मोजून घेतल्याशिवाय पिशवीत टाकले नाहीत. तेव्हापासून मला त्या जरा आवडायला लागल्या.

म्हणून मी लगेच बदलले असं नाही. डब्यात बटाटाच जात राहिला. दाखल्याचा विचार मनात तसाच पडून होता. थंडीत एकदा बसस्टँडवर उभे होतो, तर सना पाट्या वाचायला लागली. "का-ग-ल, नि-पा-णी." त्या रेघा आणि गोळे जोडून अक्षरं झाली होती, आणि मला कधी झाली ते कळलंसुद्धा नव्हतं. "कुरुंदवाड" तिला वाचता येईना. मोठा शब्द, म्हणाली.

मग रमजान ईद आली. दुसऱ्या दिवशी शाळा होती. सना डबा घेऊन ओट्यापाशी उभी. "नंदीला शिरखुर्मा."

मी म्हटलं, गळेल. ती म्हणाली, घट्ट लाव. आणखी काही कारण सुचेना. खरं कारण पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. बटाट्याला कुणाचं नाव चिकटत नाही, शिरखुर्म्याला चिकटतं. भरला डबा. वर अब्बांची गाठ मारली.

संध्याकाळी सना रिकाम्या हातानं आली. डबा नंदीकडं राहिला, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्या दिवशी राजनंदिनीही शाळेत नव्हती. मला जे वाटायचं ते सगळं वाटून झालं. ओतून टाकला असेल, डबासुद्धा टाकला असेल, पोरीला दुसऱ्या बाकावर बसवणार असतील. अम्मीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "येईल की. आज घालून द्यायला त्यांच्याकडं काय नसंल."

रविवारी दारात आजी उभ्या. पदराखाली झाकलेला एक टोप आणि त्यावर माझा डबा, धुतलेला. गावाकडं जत्रा होती, म्हणून नातीला घेऊन गेले होते, म्हणाल्या. टोप ओट्यावर ठेवला आणि झाकण काढायच्या आधीच सांगितलं, "मटण हाय. आमच्या जत्रंत बकरं मुलाणीच हलाल करतोय. मी इचारून घेतलंय, खावा बिनघोर."

कुणाच्या तरी घरात, कागलकडच्या एका खेड्यात, आम्हाला काय चालतं याची चौकशी झाली होती. आणि आम्ही तिथं हजरही नव्हतो.

"बटाटं घातलं न्हाईत बघ त्यात," आजी म्हणाल्या. "टोप राहू दे. घाई न्हाय."

तरी मी झाकण काढून वास घेतलाच. सवय जात नाही. माझी तपासणी संपायच्या आत सलीम भाकरी घेऊन बसलासुद्धा.

गल्लीतल्या तुम्ही सगळ्यांनी विचारलं होतं, सुट्टीत कधी येताय. येणार आहोत, पण एवढ्यात नाही. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून गाव सोडू नये, आणि त्यात काय घालून द्यायचं हे माझं अजून ठरलेलं नाही. खिमा करावा म्हणते. अम्मीला सांगा, तिनं टेम्पोपाशी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर सध्या माझ्या ओट्यावर पालथं पडलंय. कुरुंदवाड माझं घर आहेच. पण आता कोल्हापुरातूनही मला असं सहज उठून जाता येणार नाही, आणि त्याचा मला राग येत नाही.

आज सकाळी पुसायला म्हणून टोप उचलला, तर खाली ओट्यावर एक चिंचोका. सनाला विचारलं. ती म्हणाली, रिकामा ठेवू न्हाय ना, म्हणून.

मी तो तसाच टोपात ठेवला. फक्त एवढं विचारलं, बाईंच्या पिशवीतला तर नाही ना? तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.