कपाळावरचं नाव

आखाडा बाळापूरच्या विजयकुमारने वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि वीस वर्षं एकच इच्छा मनात धरली, आपला स्वतःचा ट्रक. बँकेने त्याला दारात उभं केलं नाही. ड्रायव्हरकडे तारण ठेवायला असतं काय? दोन हात आणि एक लायसन. म्हणून वारंगा फाट्याच्या ट्रकमालक माऊली शेठने एक दिवस स्वतःहून बोलावलं, खुर्ची दिली आणि वर चहा पाजला, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. शेठलोक ड्रायव्हरला फुकट खुर्ची देत नाहीत, एवढं वीस वर्षांत त्याला कळायला हवं होतं.

सौदा ऐकायला गोड होता. ट्रक आजपासून तुझा. भाडं मी लावून देतो, बाहेरचं भाडं तू घ्यायचं नाही. दर महिन्याला मला हप्ता द्यायचा, पाच वर्षं. मग कागद तुझ्या नावावर. डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती सगळं तुझं, कारण गाडी तुझीच ना! एक हप्ता चुकला, तर मात्र गाडी परत, आणि तोवर भरलेलं सगळं ते गाडी वापरल्याचं भाडं.

घरी मिराबाई भाकरी थापत होती. नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तवा उतरवत म्हणाली, "पगारावर व्हता तवा टायर फुटला तर शेठचा फुटायचा. आता आपला फुटंल. गाडी त्याच्या नावावर आन् खर्च आपल्या नावावर. मंग त्याच्या अंगावर काय ऱ्हायलं?"

"तुला न्हाई कळायचं त्यातलं," विजयकुमार म्हणाला. ज्या बाईला सगळं कळलं होतं, तिलाच न कळण्याचा दाखला देऊन तो जेवायला बसला.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर एक बाक होता. त्यावर सोनाजी नावाचा म्हातारा ड्रायव्हर दिवसभर बसलेला असायचा. डोळ्यांनी अधू झाल्यापासून त्याला कोणी गाडी देत नव्हतं. विजयकुमार ट्रक घेऊन पहिल्यांदा टपरीवर आला, तेव्हा सोनाजी उठला, बंपरवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "चौथा गेर अडकून राहिला का आजून? कागद करून घे बाबा. वकिलापुढं, सही-अंगठ्याचा."

"काहून काका? पोटात दुखून राहिलं काय?" विजयकुमार सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. टपरीवर हशा पिकला. सोनाजी गुमान बाकावर जाऊन बसला.

ट्रकच्या केबिनचं कपाळ शेठने निळ्या रंगाने नवंकोरं करून दिलं होतं. "लेकीचं नाव टाक तिथं," शेठ म्हणाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, कारण पेंटरचे पैसे विजयकुमारनेच दिले. पिवळ्याजर्द अक्षरांत 'प्रियंका' उमटलं आणि याची छाती फुगली. आपल्याकडे ट्रक कुणाचा हे आरसी बुक उघडून कोण बघतं? कपाळ बघतात. दसऱ्याला मिराबाईने गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. शेठ टोपी सावरत उभा राहिला, हात जोडले, तिच्या हातचं खोबरं खाल्लं. झालं! ज्याने आपल्या बायकोच्या हातचा प्रसाद खाल्ला, त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान. शहाणी माणसंसुद्धा या खोबऱ्याच्या तुकड्यावर फसतात. विजयकुमार तर मुळात भोळा.

त्याने तो ट्रक पोटच्या पोरासारखा सांभाळला. जिथे तिथे ब्रेक मारून टायर झिजवला नाही, मर्यादेपेक्षा जास्त माल भरला नाही. चौथ्या गियरचं दुखणं आलं, तेव्हा अख्खा गियरबॉक्स बदलला. इंजिनाचं काम निघालं तेव्हा मिराबाईच्या गळ्यातली पोत गेली. प्रियंकाला नर्सिंगला घालायचं होतं, ते एक वर्ष पुढे ढकललं, मग आणखी एक. "गाडी आपली झाली की," तो म्हणायचा. ट्रकच्या कपाळावर तिचं नाव हैदराबाद फिरून आलं, इंदूर बघून आलं. पोरगी बाळापूरलाच राहिली.

आणि मग शेवटचे तीन हप्ते राहिले.

वसमतची हळद सांगलीला जायचे दिवस होते. शेठच्या बाकीच्या गाड्या पोत्यांनी भरून एकामागून एक निघत होत्या. विजयकुमारची गाडी फाट्यावर उभी. सकाळी गेला की शेठ म्हणायचा, "भाडंच न्हाई रे." समोरून त्याचीच भरलेली गाडी गेली, तरी तेच. बाहेरचं भाडं घ्यायला सौद्यातली अट आडवी. विजयकुमारने सासऱ्याकडे हात पसरला, एक हप्ता कसाबसा भरला. दुसरा चुकला. दुसऱ्याच दिवशी शेठ चावीसाठी हात पुढे करून उभा.

"शेठ, दोनच हप्ते ऱ्हायले व्हते. गाडीत नवा गेरबॉक्स हाय. पाच साल..."

"पाच साल गाडी वापरली ना? फुकट?" शेठ शांत होता. "व्यवहार म्हंजे व्यवहार. आन् हे नाव तेवढं खरवडून दे. लेकीचं नाव परक्याच्या गाडीवर बरं दिसत न्हाई."

परक्याच्या! कालपर्यंत तुझी असलेली गाडी एका रात्रीत परक्याची झाली. नवा गियरबॉक्स, नवे टायर, दुरुस्त इंजिन घेऊन ती आयत्या बिळावरच्या नागोबाकडे परत गेली होती. विजयकुमारला रडू आलं नाही, शिवीही आली नाही. त्याने पंक्चरवाल्याकडून खरवडायची लोखंडी पत्री मागून आणली, बंपरवर चढला आणि स्वतःच्या हाताने लेकीचं नाव खरवडायला लागला.

पिवळा रंग सोलून निघाला. खालचा निळाही निघाला. त्या निळ्याच्या खाली जुना पांढरा रंग होता. विजयकुमारचा हात थांबला. पांढऱ्यात अक्षरं होती. त्याने अंगठ्याने धूळ पुसली. 'दिपा'.

तो खाली उतरला आणि टपरीकडे गेला. सोनाजी बाकावर होता.

"काका, दिपा कोण?"

"माही पोरगी," सोनाजी म्हणाला. "किती हप्ते ऱ्हायले व्हते तुहे?"

"दोन."

"माहा एक."

तेवढ्यात साखरा गावचा एक तरणा ड्रायव्हर शेठच्या ऑफिसातून चावी हलवत आला. चेहऱ्यावर नुसता आनंद. विजयकुमारच्या हातातली पत्री बघून म्हणाला, "नाव पुरं साफ करा बरं का काका. माझ्या लेकराचं टाकायचंय."

"कागद करून घे," विजयकुमार म्हणाला. "वकिलापुढं. आरसी बुकावर काय हाय ते बघ आधी."

पोरगं हसलं. टपरीभर ऐकू जाईल असं म्हणालं, "काहून काका? पोटात दुखून राहिलं काय?"

सगळे हसले. सोनाजी बाकावर थोडा सरकला आणि विजयकुमारला बसायला जागा करून दिली.