दव पडलं होतं

आमच्या नेब्रास्कात उन्हाळ्याचा पाऊस रात्री येतो. दिवसा कितीही माना वर करा, आभाळ ठणठणीत कोरडं. दक्षिणेचा वारा दिवसभर तापलेल्या जमिनीशी झोंबत राहतो. सूर्य बुडाला की गवताचं पातं हलत नाही आणि लोक म्हणतात, वारा पडला. पडत-बिडत काही नाही. खालचा अडसर सुटला की तो जरा वरून मोकाट धावतो, दूरच्या समुद्रावरची ओल घेऊन. दुपारी पश्चिमेच्या डोंगरांवर जमलेले ढग त्या ओलीवर पोसत आमच्यापर्यंत पोचतात, तोवर सगळे झोपलेले असतात. अर्डिथ सोडून.

अर्डिथ पोखोर्नी ही माझी भावजय. माझा भाऊ एमिल गेला तेव्हा मी गावातली खोली सोडून तिच्याकडे राहायला आले, आणि तेव्हापासून आम्ही दोघी म्हाताऱ्या कॉफीच्या पाण्यापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत सगळ्यावरून भांडतो. तिची सत्तरी उलटली आहे. गायी आणि त्यांच्यापुरता लसूणघास, एवढाच तिचा पसारा, पण त्या घासाने तिचा जीव खाल्ला.

लसूणघास कापून उन्हात वाळवायचा आणि रात्री दव पडलं की यंत्राने गठ्ठे बांधायचे. दवाने पानं मऊ होतात. कोरडा बांधला तर पानांचा चुरा होतो आणि हातात काड्या उरतात. आमच्या भागात तसा घास बांधणाऱ्याला कुणी शेतकरी म्हणत नाही. पण दव पडायला खाली वारा थांबावा लागतो, आणि खाली थांबला की तो वरून पाऊस ओढून आणतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! उन्हाळाभर अर्डिथ रात्री दवाची वाट बघत हात गवतात घालून अंगणात बसायची आणि सकाळी मला जागरणाने चिडचिडी भेटायची.

यंदा पहिल्या दोन्ही कापण्या भिजल्या. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, तेव्हा शेजारचा लेनर्ड ऱ्हुश्का म्हणाला, "काय गं अर्डिथ, गायींना वैरण घालतेस की चहा पाजतेस?"

सगळे खिदळले. अर्डिथने कप आपटला. "तिसरी कापणी भिजली ना, तर गायी विकून टाकते. तूच ने सगळ्या आणि पाज चहा!"

आमच्याकडे त्या कॉफीवर बोललेला शब्द परत घेता येत नाही. मला धसकाच बसला. लग्नात माझ्या आईने तिला एक कालवड दिली होती, आताची प्रत्येक गाय त्या कालवडीच्या वंशातली. ती त्यांना नावाने हाका मारते. मला मात्र नुसती "ए" म्हणते.

तिसरी कापणी वाळली त्या संध्याकाळी आम्ही दोघी शेताच्या कडेला उभ्या होतो. तिने मूठभर घास कानाशी धरून पिळला. कडकड वाजला. अंगणात वारा नव्हता, पण टेकडीवरच्या उंच पवनचक्क्या गरगरत होत्या. पश्चिमेला विजांनी आभाळ खालून उजळत होतं.

"आत्ताच बांधून टाक," मी म्हणाले. "वर बघ वारा कसा सुटलाय."

"पानं गळतील."

"गळू देत. काड्या तर राहतील!"

"काड्या तू खा. माझ्या गायी नाही खात." मग मूठ झटकून म्हणाली, "दव पडलं की बांधते. पाऊस यायच्या आत होईल. तू झोप जा, उगाच डोक्याशी भुणभुण नको."

मी रागाने जाऊन झोपले. पहाटेकडे छपरावर पाऊस कोसळायला लागला तेव्हा जागी झाले आणि मनात म्हटलं, झाला असेल हिचा बांधून.

सकाळी शेतात घासाच्या ओळी चिखलात लोळत होत्या. एक गठ्ठा नाही. अर्डिथ स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, दाराजवळच्या तिच्या बुटांना चिखलाचा ठिपकाही नव्हता.

"दव पडलंच नाही का गं?" मी विचारलं.

"पडलं की. छान पडलं."

"मग?"

"बूट घातले, पायरी उतरून शेताच्या कडेपर्यंत गेले. घास हाताला अगदी मऊ लागला, हवा तसा. ढग अजून लांब होते. वेळ होता, विल्मा." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मग परत आत आले आणि बूट काढले."

"का?"

"दमले गं."

चाळीस वर्षं मी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. स्वतःहून गायी विकणं तिला जन्मात जमलं नसतं, म्हणून तिने ते पावसावर सोडलं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"लेनर्डला फोन तू कर," ती म्हणाली. "सांग, पाऊस आला."

"एवढंच?"

"एवढंच. खोटं आहे का?"

मी फोन केला. लेनर्ड बिचारा हळहळला. "मी गमतीत बोललो होतो, तिला सांग. पण पावसापुढे कुणाचं काय चालतं?"

"नाही चालत," मी म्हणाले.

वळून पाहिलं तर अर्डिथ टेबलावर डोकं टेकून झोपली होती, तोंड जरासं उघडं. फाटकाशी गायी वैरणीसाठी हंबरत होत्या. मी जाऊन खिडकी लावली आणि तिचे बूट पायात घातले.