एकोणतीस दिवस राहिलेली मावशी

खांदा आखडला म्हणून मी घाटकोपरला फिजिओथेरपीला जायचो. तिथल्या बाकावर एकदा एक मावशी शेजारी बसली. नाव विचारायचं राहिलंच. बोलताना ती ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावरून सारखा हात फिरवत होती, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा.

"डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत घरी. राहिले एकोणतीस! माझ्यासारखी पण असते एखादी, एवढं आधी सांगायचं ना. घरी म्हातारी सासू एकटी, तिची सोय लावून आले असते."

या ऑपरेशनवरचे अभ्यास एकत्र करून 'सरासरी चार दिवस' हा आकडा एका वैद्यकीय संशोधनाच्या मासिकात मीच छापला होता. एका अभ्यासात थोडे रुग्ण महिनाभर रुग्णालयात अडकले होते आणि त्यांच्यामुळे सरासरी फुगत होती. मी तो अभ्यासच गाळला, कुठे उल्लेखही केला नाही. तीन वर्षं कुणाला बोललो नव्हतो. तिला सांगून टाकलं.

"मग आता घाल की परत!" ती हसली. "आम्ही काय मेलो नाय."

दुसऱ्याच दिवशी त्या मासिकाला दुरुस्ती पाठवली. गाळलेला अभ्यास पुन्हा आत घातला, सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या रुग्णाचा आकडा, दिला आणि लांबलेले मुक्काम वेगळे दाखवले. निष्कर्ष पूर्वीइतका झकास उरला नाही. मी मात्र त्या दुपारी कितीतरी दिवसांनी ऑफिसात सगळ्यांबरोबर बसून डबा खाल्ला.