शेवटच्या शेताची पाळी

मी मानवतच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. सरकार कशासाठी असतं हा धडा संपला की पुस्तक मिटून मुलांना विचारायचो, "समजा, उद्यापासून सरकारच नसलं तर?" वर्गात गोंधळ उडायचा. परीक्षा नसतील, हे पहिलं उत्तर ठरलेलं. एका वर्षी नववीतल्या मुलीनं उभं राहून विचारलं, "पण सर, दांडगाई करणाऱ्याला मग कोण आवरील?" मी हसून म्हणालो, "माणसं शहाणी झाली की आवरायची गरजच पडत नाही. आमच्या गावात ये, दाखवतो."

दाखवण्यासारखं होतं, म्हणून तर म्हणालो. आमचं गाव मानवतपासून जवळच, कालव्याखालचं. कालव्यातून एक चारी फुटते आणि वीसेक शेतांना पाणी देत ओढ्याशी संपते. त्या चारीवर पूर्वी सरकारी पाटकरी असायचा. कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं, कधी लावायचं, ते तो बघायचा. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. पाण्याच्या पहिल्याच पाळीला भांडणं झाली, खोऱ्याच्या दांड्यानं एकाचं डोकं फुटलं. तेव्हा माझे चुलते मध्ये पडले.

चुलते चौथी शिकलेले, आवाज बारीक. त्यांनी सगळ्यांना चारीवर बोलावलं आणि सांगितलं, "पाणी टेलपासून द्यायचं. आधी शेवटलं शेत, मग वर वर यायचं." आमचं शेत चारीच्या तोंडाशी, म्हणजे आमचा नंबर सगळ्यात मागं. त्यामुळं कुणाला बोलायला जागाच उरली नाही. पाणी सुटलं की काका सकाळी भाकरी बांधून निघायचे आणि चारीच्या कडेनं दिवसभर चालत राहायचे. एक दार लागलं की दुसरं उघडायचं. त्यांनी ते चार वर्षं केलं. कुलूप नाही, दंड नाही, साहेब नाही. मी शाळेत सगळ्यांना ऐकवायचो, की सरकारवाचून माणसं राहू शकतात, बघायचं तर आमच्या चारीवर या. काकांच्या पायांकडं मात्र मी कधी नीट बघितलं नाही.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाळी आता कोण बघणार, असा प्रश्न निघाला तेव्हा लोकच म्हणाले, त्याच घरात राहू द्या. माझ्या थोरल्या भावानं ते काम घेतलं. आमची शेती तोच करतो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आता वरून सुरू करू. टेलला जाईस्तोवर निम्मं पाणी चारीतच जिरायलाय." मला ते पटलं. त्या वर्षी आमच्या गव्हाला सगळ्यात आधी पाणी मिळालं, आणि त्याचा या पटण्याशी काही संबंध असेल, असं तेव्हा माझ्या मनाला शिवलंही नाही.

टेलचं शेत एका विधवा बाईंचं होतं. नातं काही नाही, पण मी त्यांना मावशी म्हणायचो. मुलगी पूर्णेला दिलेली, जावई रेल्वेत. तीन एकर त्या एकट्या करायच्या. एक दिवस मधल्या सुट्टीत त्या शाळेत आल्या. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. कालव्याच्या ऑफिसला द्यायचा अर्ज होता, मोंढ्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेतलेला.

"सर, बराबर लिवलंय का तेवढं बघा," त्या म्हणाल्या. "दोन पाळ्या झाल्या, माझ्या वावरात थेंब न्हाई. पाणी माझ्या बांधापस्तोर येतंय अन् वरून बंद व्हतंय."

अर्ज वाचला. भावाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. चारीवर सरकारी माणूस नेमावा, एवढीच विनंती होती.

"मावशी, हे दिलं की साहेब येतील, पंचनामे करतील," मी म्हणालो. "चार वर्षं आपलं आपण निभावलंय, ते सगळं बिघडेल. मी दादाशी बोलतो. घरातल्या घरात बघू."

त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, आणि कागद पुन्हा पिशवीत ठेवला.

रविवारी गावी गेलो. जेवताना दादाला म्हणालो, "टेलला पाणी पोचायला पाहिजे."

"पोचायलाय की."

"मावशी म्हणत होत्या..."

"तिचा दंडच धड न्हाई, पाणी आत कसं जाईल? तू तुझी शाळा बघ."

मी खाली मान घालून जेवत राहिलो. ताटात गरम भाकरी होती, वहिनी वाढत होत्या. उठून चारीवर जावं, चारीतून तिच्या वावरात पाणी नेणारा तो दंड खरंच फुटलाय का ते बघावं, एवढंसुद्धा केलं नाही. निघताना काकांच्या खाटेजवळ गेलो. त्यांनी डावा हात उचलला, ओढ्याच्या दिशेला केला आणि माझ्याकडं बघत राहिले. काय विचारतायत ते लगेच कळलं. मी म्हणालो, "पोचलं, काका. सगळ्यांना पोचलं." त्यांनी हात खाली घेतला.

मावशींचा गहू ऐन ओंबीवर वाळला. पुढच्या हंगामात त्यांनी रान बटाईनं दिलं आणि त्या लेकीकडं गेल्या. रान घेतलं माझ्या भावानं. त्या वर्षी पाणी टेलपर्यंत व्यवस्थित गेलं. चारी तीच, दंडही तोच. मी मोटारसायकल थांबवून बांधावर उभा राहिलो. गहू कमरेला लागत होता.

ऑफिसात अर्ज दिला असता तर कुणी आलं असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाटकऱ्याची जागा अजून रिकामीच आहे. पण मावशींना दाद मागायला ते एक दार होतं, आणि ते मी लावलं. आमचं गाव शहाणं झालंय असं मी मुलांना सांगत होतो. खरं तर एक म्हातारा माणूस दिवसभर उन्हात चालत होता आणि आपला नंबर शेवटी ठेवत होता. तो खाटेवर पडला आणि सगळ्यांचं शहाणपण एका पाळीत संपलं. माझंही.

गेल्या उन्हाळ्यात मानवत रोडहून गाडी धरून पूर्णेला गेलो. मावशी जावयाच्या क्वार्टरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "या सर," म्हणाल्या, आतून खुर्ची आणवली. मी सगळं सांगितलं. दादाला एकदाच बोललो, तेही अर्धवट, आणि अर्ज अडवायला नको होता, हेही.

त्या ऐकत होत्या, हात चालूच होते. मग म्हणाल्या, "तुमी म्हणलात, घरातल्या घरात बघू. तवा लय बरं वाटलं मला. घरी जाऊन इचार केला, म्या त्या घरातली हाय का?"

त्यांनी निवडलेले तांदूळ बाजूला ठेवले. लेकीला चहा टाकायला सांगितला आणि थोड्या वेळानं विचारलं, "गहू कसा आला औंदा माझ्या वावरात?"

"चांगला आला, मावशी," मी म्हणालो.