मरोळच्या टाकीतला समुद्र

धर्मा बोलायला लागला की वाळत घातलेले बोंबीलही कान टवकारतात, असं त्याची बायको सखुबाई म्हणायची. तिनेच पाच वर्षांपूर्वी त्याला मच्छीमारीच्या बोटीवरून उतरवून मरोळच्या एका गाळ्यात कामाला लावलं. तिथे कॉलेजांच्या प्रदर्शनांसाठी मॉडेलं बनायची. यंदा मात्र धर्माला पुन्हा खोल समुद्र खुणावत होता. वर्सोव्याच्या घरी त्याची पिशवी भरून तयार होती. अडलं होतं फक्त सखुबाईच्या होकारापाशी.

नेमकं तेव्हाच गाळ्यात त्सुनामीच्या मॉडेलचं काम आलं. आठ फुटी काचेची टाकी. एका टोकाला ज्वालामुखी, त्याच्या उतारावर पत्र्याने अडवलेली ओली खडी. दुसऱ्या टोकाला उथळ किनारा. २०१८ साली इंडोनेशियात अशाच एका ज्वालामुखीची कूस समुद्रात कोसळली होती. मोठा भूकंप नाही, म्हणून इशाराही नाही. लाट थेट दारात.

धर्माने टाकीच्या मधोमध आपली म्हणून एक इवली होडी सोडली. किनाऱ्यावर, कोणी सांगितलं नसताना, अख्खा कोळीवाडा उभा केला. त्यात स्वतःचं निळं घर आणि दारात आगपेटीच्या काडीची सखुबाई.

शनिवारी दुपारी त्याने खऱ्या सखुबाईला बोलावून घेतलं. समुद्राला नारळ वाहणारा माणूस तो. टाकीच्या मानाने नारळ मोठा होईल म्हणून त्याने सुपारी वाहिली.

"होडीवर नजर ठेव."

"ठेवते. तुमचं नाटक संपेपर्यंत दुसरं काय करू?"

त्याने पत्रा ओढला. खडी घसरली, पाण्यात गेली. मधलं पाणी झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं जरासं फुगलं. होडी वर आली, खाली बसली.

"बघितलंस? खोल पाण्यात लाट पायाखालून जाते. होडीतल्याला पत्ताही लागत नाही. उगाच घाबरतेस तू."

सखुबाई होडीकडे बघतच नव्हती. उथळात येताच ते पाणी उभं राहिलं होतं. ते ओसरलं तेव्हा निळं घर जागेवर नव्हतं.

"मी कुठे गेले?" तिने विचारलं.

धर्मा हसायला गेला, पण हसू फुटलं नाही. त्याने बाही वर करून हात घातला. घर सापडलं. मग टाकी रिकामी केली, सगळी खडी बोटांनी चाळली. काडी काही मिळाली नाही.

"चला घरी," सखुबाई म्हणाली. "मी इथेच आहे ना."

बसमध्ये अख्खा रस्ताभर त्याने तिचं मनगट सोडलं नाही. घरी येऊन पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले आणि दारात जाऊन उभा राहिला.

समोर समुद्र अगदी शांत होता. होडीतून दिसायचा, तस्साच.