मुहूर्तताईंचा मंगळवार

थीम पार्कच्या चौकशी खिडकीत चौदा वर्षं बसलेल्या ताईंना सगळे ‘मुहूर्तताई’ म्हणत.

‘कधी येऊ?’ असा फोन आला, की ‘कधीही या, मजाच मजा!’ एवढंच सांगायचं, असा साहेबांचा हुकूम होता. पण ताईंची जीभच रेटत नसे. त्या आधी विचारायच्या, “कोण कोण येणार?” पाण्याच्या घसरगुंड्यांसाठी कडक ऊन हवं, पण शाळांना सुट्टी लागायच्या आत. तान्हं बाळ असेल तर थंडीतली दुपार. गुडघे कुरकुरत असतील तर परीक्षांच्या दिवसांतला मंगळवार, तेव्हा पार्कात चिटपाखरू नसतं. नव्या जोडप्यांना मात्र त्या खुशाल गर्दीत बोलवायच्या. “रांगेत उभं राहिलं की स्वभाव कळतो!” अशी सरळ बाई आता औषधालाही सापडायची नाही.

एकदा साहेब तणतणले, “पुन्हा कुणाला रविवारी येऊ नका म्हणालात, तर तुमची रवानगी चपलांच्या काउंटरवर!”

त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. तिनं रविवारची तिकिटं काढली होती. तिचे वडील वेल्डर. इथला मोठा पाळणा उभारताना त्याचे जोड त्यांनीच केले होते, पण त्यात बसणं राहून गेलं. आता त्यांना पाच मिनिटंही उभं राहवत नव्हतं.

साहेब पाठीमागेच उभे होते. पण रविवारी पाळण्याला दोन तास रांग असते, ते डोळ्यांआड कसं करणार?

“रविवारी मुळीच आणू नका त्यांना,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी या. तिकिटं मी बदलून देते.”

मंगळवारी ताई चपलांच्या काउंटरवर होत्या. सकाळपासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. खिडकी गेल्याचं त्यांना फार लागलं होतं.

अकराच्या सुमारास लेकीचा हात धरून ते वेल्डर काका आले आणि थेट पाळण्यात बसले. मागे कुणीच नव्हतं, म्हणून पाळणेवाल्यानं त्यांना सलग चार फेऱ्या दिल्या. लोक वरून गाव बघतात. हे गृहस्थ मान वाकडी करकरून लोखंडी दांडेच न्याहाळत होते.

उतरल्यावर लेकीनं विचारत विचारत ताईंना शोधून काढलं. काकांना धाप लागली होती, पण दम खायला ते तयार नव्हते.

“ताई, एकही जोड हललेला नाही हो! एकसुद्धा नाही!”

हातातल्या चपला तशाच धरून ताई ढसाढसा रडल्या.